ती पेट्रोलची बाटली आजच घराबाहेर काढा

मे महिना चालू आहे. गावाकडची घरं भरली आहेत. मुलं सुट्टीला आजोळी आली आहेत. पुण्या-मुंबईहून चाकरमानी आले आहेत. कुणाकडे लग्न आहे, कुणाकडे मुंज. आणि याच दिवसांत पावसाआधीची बेगमी म्हणून घरोघर पेट्रोल आणून ठेवलं जातंय. गवत कापायच्या मशीनला लागेल. फवारणीच्या पंपाला लागेल. वादळात वीज गेली तर जनरेटरला लागेल. अडीनडीला गाडीला लागेल. म्हणून कुठे दोन बाटल्या, कुठे पाच लिटरचा कॅन, कुठे वीस लिटरचा.

तुमच्या घरात असं पेट्रोल आहे का? कृपा करून आत्ता उठा आणि बघा. जिन्याखाली बघा. माळ्यावर बघा. मोरीच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यामागच्या खोलीत, गोठ्यात, गाडीच्या डिकीत बघा. पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं सापडलं, तर तसंच उचला. झाकण घट्ट आहे ना ते पाहा. बाहेर सावलीत, चुलीपासून लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. मग परत या आणि पुढचं वाचा.

आपल्या घरांना रॉकेलची सवय होती. स्टोव्ह, कंदील, चिमणी, सगळं रॉकेलवर. त्याचा डबा चुलीपासून दोन हातांवर असायचा आणि वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही. पुढे रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं. डबा गेला, हाताची सवय मात्र राहिली. आज तीच जागा, तीच बाटली, तेच नरसाळं आपण पेट्रोलला दिलंय. धोका इथेच आहे. रॉकेल पेटण्याइतकी वाफ सोडायला ते साधारण ३५ अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोलला तापावं लागत नाही. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही ते पेटायला तयार असतं. मग चंद्रपूरच्या, जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्याचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

आणि जळते ती वाफ. ती डोळ्यांना दिसत नाही. हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, म्हणून वर उडून जात नाही. जमिनीलगत पाण्यासारखी उताराकडे सरकते. उंबऱ्याखालून पलीकडच्या खोलीत जाते. तिथे समई तेवत असते, उदबत्ती लावलेली असते, गॅसची शेगडी पेटलेली असते, फ्रिज आपोआप चालू-बंद होत असतो. एवढीशी ठिणगी पुरते. पेटलेली वाफ क्षणात मागे वळून बाटलीपर्यंत पोहोचते. एक लिटर पेट्रोल सांडून सगळं उडालं, तर दहा बाय दहाच्या खोलीतली निम्मी हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. एक लिटर! आणि जमिनीलगत खेळतं कोण? रांगणारं मूल. गाद्या घालून खाली झोपतात कोण? सुट्टीला आलेली नातवंडं.

म्हणून पहिली विनंती. पेट्रोल राहत्या घरात ठेवू नका. एक दिवससुद्धा नको. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत नको. जिन्याखाली तर अजिबात नको, कारण आग लागली की पळायची वाट तीच असते. घरापासून वेगळी, सावलीची, वारा खेळता असलेली जागा शोधा. शेतावरची खोप चालेल, पण तिच्यात कडबा किंवा सरपण रचलेलं नसावं आणि विजेचं बटण नसावं. अंगणाच्या कडेला, मोटारीच्या बोर्डापासून दूर, कुलूप लावता येईल असा लोखंडी खोका चालेल; त्याला खालून-वरून हवा जायला भोकं हवीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर यातलं काहीच शक्य नाही. तिथे साठा शून्य ठेवा. बाल्कनी ही पेट्रोलची जागा नव्हे. तुमच्या वर आणि खाली माणसं राहतात, आणि सगळ्यांना उतरायला जिना एकच आहे.

आता बाटलीकडे या. ही बाटली पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. पातळ प्लास्टिक उन्हात मऊ पडतं. आतल्या वाफेचा दाब वाढतो, बूच सैल होतं, वास सुटतो. काही प्लास्टिकमधून तर वाफ झिरपतही राहते. शिवाय पेट्रोल उष्णतेने फुगतं. सकाळच्या २५ अंशांत काठोकाठ भरलेला वीस लिटरचा कॅन दुपारी ४५ अंशांवर गेला, तर आतलं पेट्रोल जवळपास चारशे मिलिलिटरने वाढतं. ते जाणार कुठे? झाकणातून बाहेर, फरशीवर.

यापेक्षाही मला रात्री झोप लागू देत नाही ती दुसरी गोष्ट. पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल तहानलेल्या मुलाला सरबत वाटतं. अंगणात खेळून आलेलं पोर बाटली दिसली की तोंडाला लावतं. झाकणावर लिहिलेलं वाचायचं त्याचं वय नसतं. एक घोट पोटात गेला तरी थोडंसं फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे ते भाजल्यासारखी इजा करतं. असं झालं तर मुलाला उलटी काढायला लावू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. उलटी होताना तेच पेट्रोल श्वासनलिकेत जातं. मूल बरं दिसत असलं तरी थेट दवाखाना गाठा, कारण खोकला आणि धाप नंतर सुरू होऊ शकते. १०८ ला फोन करा. आणि मोठ्यांनो, नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची आपली जुनी पद्धत आजपासून सोडा. तोच घोट तुमच्याही फुप्फुसात जातो. हातपंपाची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीच वापरा.

कायदा याबाबत फार स्पष्ट बोलतो, आणि तो ९० वर्षांपूर्वीचा आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४. विक्रीसाठी नसलेलं जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं. पण कशात? घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं, मातीचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं २५ लिटरपेक्षा मोठं नको. या सगळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. माझं म्हणाल तर काच घरात नकोच. हातातून निसटली की संपलं. आणि ३० लिटर ही कायद्याने सोसलेली मर्यादा आहे. तेवढा साठा कराच, असं तिचं सांगणं नाही. तुमच्या मशीनला महिन्याला जेवढं लागतं तेवढंच आणा. बहुतेक घरांना पाच लिटरही पुष्कळ होतं.

धातूचा कॅन घ्या. फिरकीचं झाकण आणि आत रबराची चकती असलेला. गोडेतेलाचा, रंगाचा जुना डबा नको. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहा आणि भरल्याची तारीख टाका. पंपावर गेलात की कॅन गाडीवरून खाली उतरवा आणि जमिनीवर ठेवा. डिकीत, मांडीवर, टेम्पोच्या प्लास्टिकच्या चटईवर ठेवून भरू नका. पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते, आणि कॅन जमिनीला टेकलेला असला की ती उतरून जाते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवायला सांगा. धार हळू सोडायला सांगा. वरची चार बोटं जागा रिकामी ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपावरचा पोरगा नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. ओळख काढू नका. तो तुमच्याच घरच्यांसाठी नाही म्हणतोय.

आणि ज्यासाठी हा सगळा जीव धोक्यात घालायचा, ते पेट्रोल तरी टिकतं का? नाही टिकत. इथे आपला फार मोठा गैरसमज आहे. रॉकेल वर्षभर राहायचं, म्हणून पेट्रोलही राहील असं वाटतं. पेट्रोल ही अनेक द्रव्यांची मिसळ असते. त्यातली हलकी, पटकन पेटणारी द्रव्यं आधी उडून जातात. मशीन पहिल्या ओढीला सुरू होतं ते त्यांच्याच जोरावर. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनत जाते. आणि आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २० टक्क्यांपर्यंत. त्यातलं कितीतरी आपल्याच महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून आलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कोकणातल्या, कोल्हापूरच्या पावसाळी हवेत अर्धा रिकामा कॅन दोन-तीन महिने पडला आणि त्याचं झाकण सैल राहिलं, तर पाणी वाढत जातं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. वर पातळ, कमजोर पेट्रोल उरतं. मशीन ओढतं ते तळाचं. मग कार्बोरेटर गंजतो, जेटमध्ये राळ अडकते, रबरी नळ्या खराब होतात. ऐन तणाच्या दिवसांत तुम्ही दोरी ओढून ओढून घामाघूम होता आणि मशीन काही सुरू होत नाही. गॅरेजवाला कार्बोरेटर उघडून बसतो. जपून ठेवलेल्या पेट्रोलनेच घात केलेला असतो.

मग काय करायचं? थोडं आणा, लवकर संपवा, पुन्हा ताजं आणा. घट्ट झाकणाच्या, जवळपास भरलेल्या धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, दोन-तीन महिने धरून चाला. सहा महिन्यांपुढे भरवसा ठेवू नका. अर्धवट भरलेल्या टाकीत ते महिन्या-दीड महिन्यातच उतरू लागतं. टू-स्ट्रोक मशीनसाठी ऑइल मिसळलेलं असेल तर एका महिन्यात संपवा. लागेल तेवढंच मिसळा. पेट्रोल टिकवणारं औषध, म्हणजे फ्युएल स्टॅबिलायझर, मिळतं. त्याने काही महिने वाढतात, पण ते ताज्या पेट्रोलमध्ये भरल्या दिवशीच घालावं लागतं. शिळं पेट्रोल त्याने परत ताजं होत नाही. आणि ते घातलं म्हणून पेट्रोल घरात ठेवण्याजोगंही होत नाही, हे कृपया विसरू नका. हंगाम संपला की मशीनच्या टाकीतलं पेट्रोल काढून घ्या. मग कॉक बंद करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटर कोरडा झाला की पुढच्या वर्षी तुमचा फिटरचा खर्च वाचेल.

ज्येष्ठांना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. अडचणीच्या आठवणीतून तुम्ही साठा करता, हे समजतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतली किती गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे टँकर येईनात. ही भीती खोटी नाही. पण २०२४ च्या जानेवारीतलंही आठवा. ट्रकचालकांचं आंदोलन सुरू झालं, पेट्रोल संपणार अशी हूल उठली आणि पंपांवर रांगा लागल्या. लोकांनी मिळेल त्यात पेट्रोल भरून नेलं. २ तारखेच्या रात्री आंदोलन मागे घेतलं गेलं. अशा वेळी घरी नेलेल्या बाटल्या त्यानंतर किती दिवस कुठल्या कोपऱ्यात पडून राहतात, याचा विचार केला की काळजात धस्स होतं.

अडचणीच्या दिवसांसाठी साठा करायचाच असेल तर सगळ्यात सुरक्षित जागा तुमच्याजवळ आधीपासून आहे. ती म्हणजे गाडीची टाकी. ती पेट्रोलसाठीच बनवलेली आहे, बंद आहे, आणि बाहेर उभी आहे. वादळाचा इशारा आला की टाकी भरून घ्या. एरवीही निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडकीपासून लांब चालवा. त्याचा धूर बंद खोलीत माणसाला झोपेतच संपवतो. आणि गरम जनरेटरमध्ये पेट्रोल कधीही ओतू नका. आधी बंद करा. थंड होऊ द्या. टॉर्चच्या उजेडात ओता. काडी पेटवून किती भरलं ते बघायला जाऊ नका. मेणबत्तीही नको.

आणखी एक सवय आहे, तीही मोडा. भाजावळीला, कचऱ्याच्या ढिगाला, ओल्या सरपणाला, पावसात न पेटणाऱ्या चितेलासुद्धा पेट्रोल ओतलं जातं. रॉकेल ओततात तसं. रॉकेल सावकाश पेट धरतं. पेट्रोल ओतल्यापासून काडी ओढेपर्यंत वाफ तुमच्या पायांभोवती, धोतराभोवती, साडीच्या निऱ्यांत जमलेली असते. भडका माणसाच्या अंगावर येतो. आधीच दुःखात असलेल्या घरावर त्याच दिवशी दुसरा घाला पडतो. स्मशानात कुणी बाटली काढली तर पुढे व्हा, त्याचा हात धरा, बाटली काढून घ्या. त्या वेळी संकोच करू नका. ग्रीस लागलेले हात पेट्रोलने धुणं, कपड्यांचे डाग पेट्रोलने काढणं हेही थांबवा. साबणाच्या पुडीने आणि भुश्श्याने ते काम होतं.

एवढं करूनही आग लागलीच, तर आधी माणसं बाहेर काढा. १०१ किंवा ११२ फिरवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग सोबत घेऊन पसरतं. आग लहान असेल, आणि तुमच्या पाठीशी पळायची वाट मोकळी असेल, तरच वाळू किंवा कोरडी माती टाका. नाहीतर पावडरचा अग्निशामक वापरा. घराजवळ वाळूची बादली आजच भरून ठेवा. कुणाच्या अंगावरचे कपडे पेटले तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाका. विझल्यावर भाजलेल्या जागी नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कापड हलकेच टाका आणि दवाखान्यात न्या. हे चार शब्द घरातल्या मुलांनाही समजावून ठेवा. दुपारी शेतावर कुणी नसताना कदाचित तीच तुमच्याजवळ असतील.

आता अंगणात ठेवलेल्या त्या बाटलीचं काय करायचं? उजेडात धरून बघा. पेट्रोल स्वच्छ आहे, नेहमीचा वास आहे, महिना-दोन महिन्यांपूर्वीचं आहे, तर थंड, बंद गाडीच्या टाकीत उघड्यावर नरसाळ्याने ओता आणि वर पंपावरचं ताजं भरा. ऑइल मिसळलेलं असेल तर गाडीत नको, त्याच मशीनमध्ये संपवा. रंग काळपट पडला असेल, व्हार्निशसारखा आंबूस वास येत असेल, तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर ते कुठल्याच इंजिनात घालू नका. गटारात ओतू नका. गटाराची वाफ दुसऱ्याच्या दारात पेटते. विहिरीजवळ, नाल्यात, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते पाणी आपणच पितो. धातूच्या कॅनमध्ये बंद करा, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, शहरात असाल तर अग्निशमन दलाला विचारा, आणि ते सांगतील तसं सोपवा. रिकामी बाटलीही मुलांच्या हाती, भंगारात, पाण्यासाठी परत वापरात जाऊ देऊ नका. ती कापून टाका.

आणि मग शेजारी जा. ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत तिथे आधी जा. नाक्यावर बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्या टपरीवाल्याकडे जा. त्याच्या मागच्या खोलीत त्याचीही मुलं झोपतात. दटावू नका. काका, काकू म्हणून बसा, पाणी प्या, सांगा. त्यांच्याकडे स्वच्छ पेट्रोलची बाटली निघाली आणि तुमच्या गाडीच्या टाकीत जागा असली, तर गाडी थंड झाल्यावर त्यांच्याच अंगणात ती ओतून घ्या आणि तिचे पैसे त्यांच्या हातावर ठेवा.